माटोळीतला अंगठा

मंडळी, बसा. मागे दाराशी उभे आहेत त्यांनीही पुढे या, खुर्च्या रिकाम्या आहेत.

मी शोभा. सुलक्षाची मोठी जाऊ. माईकवर मी कधी बोललेले नाही. घरात बोलते तेव्हा मला माईक लागत नाही, हे आमच्या शेजाऱ्यांना विचारा. तुम्ही एवढे सगळे आलात, पेडण्यातले, डिचोलीचे, कोल्हापूरहून पाटील आले. बरं झालं आलात. दोन शब्द बोला म्हणाले, म्हणून उठले. पण बोलायला जड जातंय. रडू येतंय म्हणून नाही. मला राग आलाय, आणि अशा जागी रागावून बोलायची पद्धत नाही. पण माझ्या आधी इतके जण गोड बोलून गेलेत की थोडं तिखट चालेल.

आधी मला एक सांगा. हा मागे लावलाय तो फोटो कोणाचा?

खाली सुलक्षाचं नाव आहे, ते मला वाचता येतं. मी वर विचारतेय. ही गोरीपान बाई कोण? सुलक्षा सावळी होती. हिचे केस काळेभोर. सुलक्षाचे पांढरे झाले होते, आणि ती रंग लावत नव्हती. सुलक्षाच्या हनुवटीवर तीळ होता, चांगला ठसठशीत. तो कुठे गेला? आणि मागे धबधबा कुठला? आमच्या गावात एवढा मोठा धबधबा असता तर उन्हाळ्यात मला कळशी घेऊन नळाकडे उभं राहावं लागलं नसतं.

हसू नका. मी विनोद करायला उठले नाही.

हा फोटो माझ्या मुलीच्या लग्नातला आहे. सुलक्षाच्या शेजारी मी उभी होते. तिच्या खांद्यावर माझा हात होता. मला कापलं, त्याचं काही नाही, शोकसभा माझी नाही. पण माझी बोटं तिच्या खांद्यावर राहिली होती, ती पुसलीत. शेजारचा साडीचा तुकडा उचलून बोटांवर चिकटवलात. आता बघा, त्या खांद्यावर साडीचा काठ दोनदा आलाय. जगात कुठल्या साडीला असा काठ असतो? मी जन्मभर शिवणकाम केलंय. येऊन बसल्यापासून माझी नजर त्या काठावरच आहे. माझ्या आधी कोण काय बोललं ते मला अर्धंच ऐकू आलं.

आता तुम्ही म्हणाल, शोभावयनी, फ्लेक्सवाल्याने केलं, एवढं काय त्यात? सांगते.

लग्नाआधी सुलक्षा डिचोलीला एका फोटो स्टुडिओत कामाला होती. संगणकावर फोटो साफ करायचं काम. नवरीची आई यायची, हिला जरा गोरी करा. नवऱ्याचा मामा यायचा, आमच्या मुलाचं पोट आत घ्या. एका घरची माणसं तर मोडलेल्या सोयरिकीतली बाई समूहफोटोतून काढून घेऊन गेली. सुलक्षा सगळं करायची. हात बसला होता तिचा. मग एकदा एक बाई गेलेल्या आईचा फोटो घेऊन आली. कपाळावर भाजल्याचा डाग होता, तो काढून पाहिजे होता. सुलक्षाने काढला. बाईने फोटो हातात घेतला, बघत राहिली, आणि म्हणाली, "ही माझी आई वाटत नाय गो." डाग परत घाला म्हणाली. सुलक्षाने घातला. त्या महिनाअखेरीला तिने स्टुडिओ सोडला.

ही गोष्ट तिने मला इतक्या वेळा सांगितली की मला कंटाळा आला होता. मी म्हणायचे, कळलं बाय, आता भाजी चीर. आणि मंडळी, ज्या कामाला विटून तिने नोकरी सोडली, तेच काम तुम्ही ती गेल्यावर तिच्या तोंडावर केलंत. वर हार घातलात.

ती साधी, प्रेमळ, सोशिक होती, असं आत्ता इथे तीन जण म्हणाले. कोणाबद्दल बोलत होते? सुलक्षा महा हट्टी होती. आमचं पटत नव्हतं. एका घरात दोन चुली होत्या, आणि मधल्या भिंतीतून एकमेकींना ऐकू जाईल असं आम्ही बोलायचो. त्याबद्दल मी इथे डोळे पुसणार नाही. तिलाही ते आवडलं नसतं.

पण तिचं काम मी जवळून बघितलंय. तुमच्यापैकी कोणी बघितलंय? तुम्ही काय म्हणायचा? "हिचं काय, बटण दाबलं की डिझाइन तयार." रमाकांतभाई, तुम्ही मंडळाचे अध्यक्ष, तुम्हीच म्हणाला होता, आमच्या अंगणात बसून, माझ्या हातचा चहा पिताना.

तर ऐका, बटण दाबून काय होतं. ती मोबाईलवर फोटो काढायची. कशाचे? चिऱ्याच्या भिंतीवरच्या शेवाळाचे. फणसाच्या सालीचे. मग तो फोटो संगणकावर घेऊन त्यातला एक चौकोन कापायची. कापड लांबच लांब असतं, तोच चौकोन पुन्हा पुन्हा छापत जायचा. म्हणजे त्याची डावी कड उजवीला जुळायला हवी, वरची खालच्याला. नाही जुळली तर कापडावर फरशा बसवल्यासारख्या रेघा दिसतात. मग ती काय करायची, चित्र अर्धं सरकवायची. त्याने कडा मधोमध येतात आणि जोड उघडा पडतो. तो जोड ती बुजवत बसायची. एकेका पानाची शीर इकडून तिकडे न्यायची. डोळ्यांतून पाणी यायचं तरी उठायची नाही. मी भिंतीपलीकडून ओरडायचे, जेवलीस काय गो?

मग चित्र कोल्हापूरला जायचं, तिथे या पाटलांच्या यंत्रावर कापड छापून यायचं. आलं की पडद्यावरचा लाल कापडावर विटकरी झालेला असायचा. ती ते कापड साबणाने धुवायची, दोरीवर उन्हात टाकायची, सुकलं की संगणकाशेजारी धरून बघायची, आणि परत रंगाला बसायची. हे सगळं झालं की कापड माझ्याकडे शिवायला. आणि मी शिवलं की ही शिवणीवरून बोट फिरवत यायची. "वयनी, हय जोड दिसता. उसव."

मी म्हणायचे, "गो बाय, बाजाराची पिशवी आसा ती. तिका कोण बघता?"

"मी बघतंय. उसव."

उसवायचे मी. शिव्या देत उसवायचे.

आता ती काही खोटं करायची नाही असं नाही हं. चोपड्याला नदीवर एक जुनी होडी होती, रंगाचे पोपडे निघालेली. हिने त्या पोपड्यांचा फोटो काढला, पिवळ्याचा जांभळा केला, हिरव्याचा काळा, आणि त्याचं कुडत्यांचं कापड केलं. त्यातलं कुडतं घालून मी म्हापशाच्या बाजारात गेले, तर एक माणूस माझ्या पाठीमागे लागला. मी म्हटलं, हा कोण मेला? तो म्हणाला, "बाय, रागावू नकात, तुमच्या पाठीर माझी होडी आसा." रंग सगळे बदलले होते तरी त्याने ओळखली. एका फळीवर त्याच्या हातून कुऱ्हाड लागली होती, ती खाच होती. रंग बदलला, खाच ठेवली. तिची पद्धत ही. हवं ते घालेन, हवं ते रंगवेन, पण जे तिथे होतं ते नाहीसं करणार नाही.

आता माटोळीचं बोलते. त्यासाठीच उठलेय.

पाटील, तुम्ही घाटावरचे, तुमच्यासाठी सांगते. चवथीला गणपती बसवतो तेव्हा आम्ही त्याच्या डोक्यावर लाकडाची चौकट टांगतो. तिला रानातली फळं, वेली, पानं बांधतो. नारळ, सुपारीचे घोस, आंबाडे, चिबूड, लालभडक कवंडळं. ती माटोळी. आमच्या घरात माटोळी माझा दीर बांधायचा. अनंत. सुलक्षाचा नवरा. डिचोलीला कारखान्यात होता, चवथीच्या आधी कामावरून येताना रोज रानात शिरायचा आणि काहीतरी घेऊन यायचा. अंगाला खाज आणि पिशवीत कवंडळं. एका वर्षी चौकट जुनी झाली होती म्हणून त्याने नवीन केली, आणि खिळा मारताना हातोडी अंगठ्यावर घेतली. नख काळं पडलं. सुलक्षा माटोळीचे फोटो काढत होती, तर हा कवंडळ उजेडात धरून उभा. ती ओरडतेय, "हात हलवू नकात!" हा हसतोय आणि हात हलतोय.

पुढच्या वर्षी चवथीच्या तोंडावर अनंत गेला. झोपेतच गेला. घरात सुतक. गणपती आला नाही. आख्ख्या वाड्यावर आरत्या चालू, आणि आमच्या घरात त्याने केलेली चौकट नुसती लटकतेय. उघडी. तिच्याकडे बघवत नव्हतं. मी म्हटलं, काढून ठेवूया. सुलक्षा म्हणाली, "आसांदी." राहू दे.

मग ती संगणकाला बसली. मागच्या वर्षीच्या फोटोंतून तिने एकेक फळ सोडवलं. कडेकडेने कापत. आंबाड्यावर किडीचं भोक होतं, ते ठेवलं. सुपारीवर मुंगी होती, ती ठेवली. आणि कवंडळ कापताना त्याला धरलेला अनंतचा अंगठा आला. काळ्या नखाचा. तोही ठेवला. मागे आमच्या भिंतीचा निळा रंग. अशी माटोळी तिने कापडावर बांधली. जिथे जिथे कवंडळ येतं तिथे पानाआडून अंगठा येतो. नीट बघितलं तरच दिसतो.

पाटलांना दिसला. पाटील, तुमचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. "ताई, फाईलमध्ये कुणाचा तरी अंगठा राहिलाय बघा चुकून. पुसून छापू का?" आणि ही काय म्हणाली? "पुसू नका. अंगठा काढलात तर ते फळ कोण धरणार?" पाटलांनी पुढे एक अक्षर विचारलं नाही. जसं होतं तसं छापून पाठवलं. पाटील, तुम्ही आमचे कोण? कोणी नाही. पण तुम्हाला समजलं.

आता आमची माणसं. त्याच्या पुढल्या वर्षी मंडळाने तिला सांगितलं, चवथीत गणपतीच्या पाठीमागे लावायला पडदा करून दे. हिने माटोळीचं कापड मोठं छापून आणलं. यंत्राचा पन्हा पुरला नाही म्हणून दोन पट्टे मी शिवले. इथेच, याच हॉलमध्ये उलगडलं. सगळे वा वा करत होते. रमाकांतभाई, तुम्ही मोबाईलवर फोटो काढलात. कोणाला, कोणाला म्हणून अंगठा दिसला नव्हता. मी बाजूला उभी राहून मनात म्हणत होते, गप्प राहा बाय, गप्प राहा. पण ती खुशीत होती. नवरा गेल्यापासून पहिल्यांदा तिला हसताना बघत होते मी. आपणहून पुढे गेली आणि बोट ठेवून सांगितलं, "हा बघा, ह्यांचा अंगठा."

झालं. हॉल थंड. मग एकेक सुरू झाले. मेलेल्या माणसाचं बोट देवाच्या पाठीमागे? सुतकातली माटोळी मंडपात? अंगठा दिसत नव्हता तोवर कापड शुभ होतं, आणि दिसला तसं अशुभ झालं. का हो? ज्या हाताने इतकी वर्षं देवाची माटोळी बांधली, विसर्जनाला तुमच्या मंडळाची मूर्ती पाण्यात उतरवली, तो हात देवाला चालत होता ना? तुम्हाला का चालला नाही?

रमाकांतभाई म्हणाले, "सुलक्षा, भावनेच्या भरात जाऊ नको. डिझाइन छान आहे, तेवढं क्लीन करून दे." तिने वाद घातला नाही. माझ्याशी मिठावरून भांडणारी बाई ती. कापडाची घडी घातली, काखेत घेतली, आणि घरी आली. आणि तुम्ही तिथे काय लावलंत? फ्लेक्स. चकचकीत माटोळी. तिला सफरचंद टांगलेलं! आमच्या कुठल्या डोंगरावर सफरचंद लागतात, मला दाखवा, मी चवथीला आणायला जाईन.

त्यानंतर तिने गावात एक कापड दाखवलं नाही. काम करत होती, पण सगळं बाहेर पाठवायची. आणि आता तापाचं निमित्त होऊन ती गेली, तर माझ्या आधी अध्यक्ष उठले आणि जाहीर केलं. तुम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्यात. शोकसभेत टाळ्या! काय जाहीर केलं? मंडळ सुलक्षाच्या स्मरणार्थ माटोळीच्या डिझाइनच्या शाली छापून घेणार आणि कार्यक्रमाला येणाऱ्या पाहुण्यांच्या खांद्यावर घालणार. "थोडी साफसफाई करून." हे शब्द तुमचे, भाई. आणि शोभावयनी आता सर्वांसमक्ष पेनड्राइव्ह मंडळाकडे सुपूर्द करतील, असंही म्हणालात. मला न विचारता.

पेनड्राइव्ह माझ्याकडे आहे. हा बघा. दिसतोय ना मागे?

हा मला कसा मिळाला ते सांगते. हॉस्पिटलात ती माझ्याशी फारसं बोलत नव्हती, मीही बोलत नव्हते. पेज भरवत होते फक्त. एकदा तिने उशीखालून हा काढला आणि माझ्या हातात दिला. मी म्हटलं, माका कित्याक? माका त्यातला काय कळता? तुझ्या बहिणीकडे दे, ती शिकलेली आहे. तर म्हणाली, "नाका. ती कोणीय गोड बोललो की देऊन टाकतली. तूच ठेव. तू कोणाचा आयकणस नाय."

माझ्याबद्दल इतकं चांगलं त्या घरात कोणी बोललं नव्हतं.

म्हणून सांगते, भाई, देणार नाही. आज नाही, उद्या नाही. तुम्ही घरी आलात तर चहा मिळेल, हा मिळणार नाही. गोड बोलून बघा, रागावून बघा. सरपंचांना घेऊन या. तुम्हाला माटोळीच्या शाली पाहिजेत? छापा. पण अंगठ्यासकट. किडीच्या भोकासकट, मुंगीसकट. पाहुण्याच्या खांद्यावर घालाल तेव्हा त्याला सांगा, हा आमच्या अनंतचा अंगठा, आमची माटोळी हा बांधायचा. असं सांगणार असाल तर पाटील छापून देतील, शिवणार मी. सांगणार आहात? बघा, भाई खाली बघतात.

तर मग आता शेवटचं. हा फ्लेक्स खाली घ्या.

कोणी उठत नाही? बरं. पाटील, तुम्ही जरा या. ही पिशवी उघडा. ते टोक धरा, मी हे धरते. उंच करा. अजून. त्या खिळ्याला अडकवा. झालं, झाकला धबधबा.

हा तो पडदा. तुम्ही नको म्हटलेला. आज इथे मंडळाचा गणपती नाही, त्यामुळे काही विटाळत नाही. आज इथे फक्त आमच्या घरची माणसं आहेत, एक गेलेली आणि एक तिच्याही आधी गेलेला. दोघांना तुमच्याकडून काही नको. मला मात्र एक पाहिजे.

उभे राहा. सगळे. अशा वेळी मान खाली घालतात, तुम्ही घालू नका. वर बघा. कापडाकडे बघा आणि अंगठा शोधा. ज्याला सापडेल त्याने शेजाऱ्याला कोपराने ढोसायचं नाही, कुजबुजायचं नाही. बघायचं आणि गप्प उभं राहायचं. मी सांगेपर्यंत.

सुलक्षा, तू असतीस तर आधी मधल्या शिवणीवरून बोट फिरवलं असतंस. फिरव. पन्ह्याला पन्हा लावलाय, पानाची शीर पानाला जुळवलीय. मी स्वतः उसवून तिसऱ्यांदा शिवलीय, तू न सांगता.

जोड दिसणा नाय गो बाय. बघ.